कोलंबी, कॉफी आणि बेपत्ता नवरा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो की शरियत नावाचं एकच एक पुस्तक बाजारात मिळत नाही. झालं, त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की बाकी विषय बाजूला ठेवून हे अख्खं पान त्यालाच दिलंय. शिव्या आहेत त्या माझ्याकडेच ठेवतो, उरलेली पत्रं थोडी छाटून देतोय आणि नावं मुद्दाम काढलीत.

वाचक, पुणे: सर, मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिंदू मॅरेज ॲक्टचं बेअर ॲक्ट (कायद्याचं नुसतं मूळ कलमांचं पुस्तक) मिळतं तसं शरियतचं मिळत नाही हे ठीक, पण मग मुफ्ती लोक उत्तर देतात ते बघून तरी कुठं? काहीतरी लिहिलेलं असेलच ना?

लिहिलेलं भरपूर आहे हो, कपाटं पुरणार नाहीत एवढं. अडचण अशी की ती पुस्तकं एकमेकांशी भांडतात. शरियत म्हणजे अल्लाहनं घालून दिलेली वाट, आणि ती वाट नेमकी कुठून जाते हे शोधायला माणसांनी हजार-बाराशे वर्षं डोकं खाजवून जे काढलं ते फिकह. वाट चुकीची नसते असं मुसलमान मानतो, शोधणारा चुकू शकतो हे खुद्द फिकहवालेच मानत आले, म्हणून तर फतव्याच्या शेवटी 'वल्लाहु आलम' लिहायची रीत आहे, म्हणजे खरं काय ते अल्लाहच जाणे. (टीव्हीवरच्या डिबेटमध्ये ही शेवटची ओळ कोणी वाचत नाही.)

आता बघतात कुठं, तर आधी कुराण. त्यात सहा हजारांवर आयती, म्हणजे वचनं, आहेत पण थेट कायद्याच्या म्हणाव्यात अशा जुन्या लोकांनी साधारण ५०० धरल्यात. मग सुन्नत, म्हणजे पैगंबर साहेबांचं बोलणं-वागणं, ते हदीसमधून कळतं. मग इज्मा, म्हणजे जाणकारांचं एकमत. आणि मग कियास, म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीवरून नव्या गोष्टीचा हुकूम काढणं. हा क्रम नीट बसवला इमाम शाफईंनी. गाझाचा जन्म, साल ७६७, वारले ८२० ला इजिप्तमध्ये. त्यांच्या आधी मदिनेत इमाम मालिक म्हणायचे की आमच्या गावात लोक जे करत आलेत तीच पैगंबर साहेबांची रीत, आणि तिकडे इराकात कूफ्याला इमाम अबू हनीफा, कापडाचे व्यापारी माणूस, त्यांचा भर तर्कावर. शाफई मालिकांकडे शिकले, नंतर अबू हनीफांच्या शागीर्दाकडेही बसले, दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की बाबांनो मत काय द्यायचं ते द्या पण कशावरून दिलं ते आधी सांगा, त्याचे काहीतरी नियम ठरवू. त्या नियमांना म्हणतात उसूल. गंमत म्हणजे इजिप्तला गेल्यावर त्यांनी स्वतःचीच कितीतरी मतं बदलली, शाफई पुस्तकांत आजही 'जुनं मत', 'नवं मत' असं वेगवेगळं नोंदवलेलं असतं.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून एक नमुना देतो. कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायात, आयत २२८, तलाक झालेल्या बाईनं तीन 'कुरू' थांबावं असं आहे. अरबीत या शब्दाचे दोन अर्थ, मासिक पाळी हाही आणि दोन पाळ्यांमधले शुद्धीचे दिवस हाही. हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या वाटेनं जाणारे, म्हणतात पाळी, शाफई, म्हणजे इमाम शाफईंचे, म्हणतात शुद्धीचे दिवस, आणि त्यावरून इद्दत, म्हणजे हा थांबायचा काळ, संपायचा दिवस बदलतो, म्हणजे नवरा तिला परत घेऊ शकतो की नाही, ती दुसरं लग्न करू शकते की नाही हे सगळं एका शब्दावर लटकलेलं. वुजूचं, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्याचं, तर त्याहून बारीक. डोक्यावर ओला हात फिरवा असं कुराणात आहे, तिथं 'डोके' या शब्दाआधी 'बि' असं एक अक्षर आहे, तर मालिकी, म्हणजे इमाम मालिकांचे, म्हणतात अख्खं डोकं, हनफी म्हणतात पाव डोकं, शाफई म्हणतात दोन-चार केस ओले झाले तरी पुरे. एका अक्षराचं भांडण बाराशे वर्षं चाललंय आणि नमाज मात्र सगळ्यांची होते.

तुम्हाला कॉलेजात लिटरल रूल (शब्द धरायचा) आणि पर्पजिव्ह रूल (हेतू धरायचा) शिकवतात ना? त्याची सगळ्यात जुनी गोष्ट आमच्याकडे ६२७ सालची आहे. पैगंबर साहेबांनी माणसं पाठवताना सांगितलं, बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या वस्तीत पोचल्याशिवाय कोणी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढू नका. वाटेतच वेळ टळायला लागली. काही जण म्हणाले की हुकूम म्हणजे हुकूम, पोचल्यावरच पढू. काही म्हणाले अहो, त्याचा अर्थ लवकर पोचा एवढाच होता, नमाज चुकवा असा नव्हता, आणि त्यांनी वाटेतच पढली. नंतर ही गोष्ट पैगंबर साहेबांच्या कानावर घातली तर त्यांनी दोघांपैकी कोणालाच बोल लावला नाही. मी शिकवायचो तेव्हा पहिल्या लेक्चरला हीच गोष्ट सांगायचो आणि अर्धा वर्ग विचारायचा की पण बरोबर कोण होतं.

वाचक, खेड: वकीलसाहेब, आम्ही कोकणी, शाफई. मुलीचं लग्न मराठवाड्यात हनफी घरात झालं. सासरी तिनं कौतुकानं तिसऱ्या (शिंपल्या) केल्या तर सासूबाई म्हणाल्या हे आमच्यात हराम. जावई कोलंबी खातो पण खेकडा नको म्हणतो. यातलं खरं काय?

भाऊ, तुम्ही थेट माझ्या स्वयंपाकघरातच हात घातलात. माझी बायको सोलापूरची, हनफी, आणि मी दापोलीकडचा, लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिनं माझ्या घरात आजवर माकूल (स्क्विड) शिजवलेलं नाही आणि मी खायचं सोडलेलं नाही, शेजारून येतं.

तर बघा. कुराणात आहे (सूरह माइदा, आयत ९६) की समुद्राची शिकार आणि तिथलं खाणं तुम्हाला हलाल. हदीसमध्ये आहे की समुद्राचं पाणी पाक आणि त्यातलं मेलेलंही हलाल. शाफईंनी हे सरळ घेतलं, समुद्रातलं म्हणजे समुद्रातलं. हनफी म्हणतात थांबा, दुसऱ्या हदीसमध्ये दोनच मेलेल्या गोष्टी हलाल सांगितल्यात, मासा आणि टोळ, तेव्हा समुद्रातलं म्हणजे मासाच, आणि कुराणात घाण वाटणाऱ्या गोष्टी हराम केल्यात त्यात बाकीचं येतं. म्हणजे एकजण आयतीचा शब्द सर्वांना लागू धरतो, दुसरा म्हणतो तो शब्द नंतरच्या पुराव्यानं आखडला. उसूलच्या पुस्तकांत या एका वादावर, म्हणजे सर्वसाधारण शब्द कशानं आखडतो यावर, प्रकरणंच्या प्रकरणं आहेत.

कोलंबीची मजा आणखी वेगळी. हनफींत मासा हलाल हे ठरलं, मग कोलंबी मासा आहे का? जीवशास्त्र म्हणतं नाही. पण जुन्या अरबी शब्दकोशवाल्यांनी तिला माशाचाच एक प्रकार म्हटलंय आणि बाजारात लोकही 'मच्छी'च म्हणतात. म्हणून हनफी मुफ्तींतच दोन तट, काही म्हणतात खा, काही म्हणतात टाळलेलं बरं. तुमचा जावई पहिल्या तटातला आहे. आणि खेकड्यावरून जावयाला हसू नका, तुमच्या स्वतःच्या शाफई पुस्तकांतही जमीन आणि पाणी दोन्हीकडे राहणाऱ्या जनावरांवर वाद आहे आणि त्यात खेकड्याचं नाव घेऊन हराम लिहिलेलं सापडतं. कोकणात हे कोणाला सांगायचं नाही, जेवणावरून उठवतील.

मुलीला म्हणावं माहेरी येऊन तिसऱ्या खा, सासूबाईंना फतवे फॉरवर्ड करू नकोस.

वाचक, मालेगाव: कुराणात दारू मना आहे पण गांजा, एमडी, गुटखा यांचं नावच नाही. मग ते हराम आहे असं मौलाना कशावरून सांगतात?

हेच ते कियास. कुराणातला शब्द 'खम्र', मूळ अर्थ द्राक्षाची दारू. आता त्यात मनाई कशाची आहे, द्राक्षाची, लाल रंगाची, की आंबवण्याची? द्राक्ष तर आपण खातो, रंग सरबतालाही असतो, आंबवतो तर आपण इडलीचं पीठ पण. उरली नशा. हे जे खरं कारण शोधून काढतात त्याला इल्लत म्हणतात, आणि तीच इल्लत नव्या वस्तूत दिसली की जुना हुकूम तिला लागू. दुसरे खलिफा हजरत उमर तर म्हणून गेले की अक्कल झाकते ती खम्र. गांजा आणि एमडी यात सरळ बसतात. गुटख्यात नशेपेक्षा जिवाला अपाय हा मुद्दा येतो, तो वेगळ्या दारानं, नुकसान करू नये या तत्त्वातून, आणि तिथं मुफ्ती एकसारखे बोलत नाहीत, काही हराम म्हणतात काही मकरूह, म्हणजे नापसंत.

पण इल्लत चुकीची पकडली तर काय होतं त्याचाही नमुना घ्या. येमेनचे सूफी रात्रभर जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, करायला जागरण व्हावं म्हणून कॉफी प्यायचे, ती मक्केत आली, लोक गोल करून प्यायला बसायला लागले, गप्पा, बुद्धिबळ वगैरे. १५११ साली तिथला अधिकारी खैर बेग यानं उलेमा आणि हकीम गोळा केले आणि ठरवलं की ही चीज डोकं बदलते, गोल करून पितात, म्हणजे दारूसारखीच, आणि केली बंद, पोती जाळली. कैरोहून सुलतानाचं उत्तर आलं त्यात कॉफीवर सरसकट बंदी नव्हतीच, अड्डे आवरा एवढंच. पुढेही वाद बरीच वर्षं चालला पण शेवटी लोकांच्या लक्षात आलं की कॉफीनं माणूस शुद्धीवर येतो, शुद्ध हरपत नाही, इल्लतच नाही तर हुकूम कसला. खैर बेगचा खरा राग अड्ड्यांवर होता असं मला वाटतं, कॉफी मधल्या मधे भाजली गेली.

एक बहीण, जालना जिल्हा: माझा नवरा पाच वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो परत नाही, फोन नाही पैसे नाहीत. मला दोन मुली आहेत. गावातले एक बुजुर्ग म्हणाले की नवरा ९० वर्षांचा होईपर्यंत तू त्याच्याच निकाहात आहेस. हे शरियतमध्ये खरंच आहे का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही कोर्टात जाऊ शकता, कायदा तुमच्या बाजूनं आहे आणि तो मुसलमानांसाठीच केलेला कायदा आहे. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, कलम २. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नाही हे पहिलंच कारण. दोन वर्षं खर्च दिला नाही हे दुसरं. तुमच्याकडे दोन्ही आहेत. बेपत्ताच्या कारणावर डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, मिळाली तर ती लगेच लागू होत नाही, सहा महिने थांबावं लागतं, त्यात नवरा उगवला आणि नांदवायला तयार आहे असं कोर्टाला पटवलं तर डिक्री रद्द होते. दाव्यात त्याच्या वारसांची नावं-पत्ते द्यावे लागतात, त्यांना नोटीस जाते. खर्चाचं कारणही जोडून मांडा, त्याला सहा महिन्यांची ती अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, तिथं आधी जा.

आता त्या बुजुर्गांचं. ते खोटं बोलले नाहीत, अर्धं बोलले. जुन्या हनफी पुस्तकांत खरंच आहे की बेपत्ता माणूस त्याच्या वयाचे सगळे मरेपर्यंत जिवंत धरायचा, त्याला कोणी ९० वर्षं म्हटलंय. विचार असा होता की पुरावा नसताना माणसाला मेला म्हणू नये, जे पक्कं माहीत आहे ते नुसत्या शंकेनं मोडत नाही. तत्त्व म्हणून वाईट नाही, मालमत्तेच्या बाबतीत तर शहाणपणाचंच, पण घरात बसलेल्या बाईचं काय? मालिकी लोकांनी मात्र हजरत उमरांच्या निवाड्यावरून चार वर्षं ठरवली, नंतर इद्दत आणि मग ती मोकळी.

इंग्रजांच्या काळात कोर्टं हनफींना हनफी पुस्तकच लावायची, पान उघडायचं आणि वाचायचं, त्यामुळे विशेषतः पंजाबात अशी वेळ आली की बायका सुटका व्हावी म्हणून धर्म सोडायला लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो असं त्याच पुस्तकात होतं. तेव्हा थाना भवनचे मौलाना अशरफ अली थानवी, पक्के हनफी, सुधारक वगैरे अजिबात नाहीत, त्यांनी मदिनेच्या मालिकी उलेमांना प्रश्न पाठवून उत्तरं मागवली आणि 'अल-हीलतुन् नाजिजा' नावाचं पुस्तक काढलं, त्यात सांगितलं की अशा अडचणीत हनफीनं मालिकी मत घ्यावं. याला हनफी उसूलमध्येच जागा होती, गरज पडली तर दुसऱ्या इमामाचं मत घेता येतं हे जुनेही लिहून गेलेत. त्यावरूनच पुढे विधेयक आलं आणि १९३९ चा कायदा झाला, आणि त्यातच कलम ४ घालून हेही ठरवलं की नुसता धर्म सोडल्यानं बाईचा निकाह तुटणार नाही.

म्हणजे ताई, त्या बुजुर्गांना एवढंच विचारा की थानवी साहेबांपेक्षा तुम्ही जास्त हनफी आहात का. मोठ्या माणसाला असं विचारू नये म्हणा, पण पाच वर्षं झालीत.

बरेच वाचक: तीन तलाकबद्दल लिहा.

लिहून लिहून हात दुखले. थोडक्यात सांगतो. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबर साहेबांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी सांगितलेली हदीस आहे की पैगंबर साहेबांच्या, हजरत अबू बकरांच्या काळात आणि हजरत उमरांच्या पहिल्या दोन वर्षांत एका झटक्यात दिलेले तीन तलाक एकच धरले जायचे, लोक उतावीळपणा करायला लागले म्हणून उमरांनी ते तीन म्हणून लागू केले. चारही सुन्नी मजहबांत, म्हणजे हनफी-शाफईसारख्या फिकहच्या परंपरांत, पुढे तेच रूढ झालं. दमास्कसचे आलिम इब्न तैमिया, वारले १३२८ ला, ते म्हणाले एकच धरा, आणि त्यासाठी त्यांना त्रासही झाला. शिया तर ते मानतच नाहीत. इजिप्तनं १९२९ लाच कायद्यानं एक धरायला सुरवात केली. आपल्याकडे एका झटक्यातला तीन तलाक रद्द ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल २२ ऑगस्ट २०१७ चा, तीन विरुद्ध दोन, आणि २०१९ ला फौजदारी कायदा. उमरांनी केलं ती शिक्षा म्हणून केलेली सरकारी तजवीज होती की कायमचा हुकूम, सगळी मेख तिथं आहे, आणि माझं मत विचाराल तर तजवीज. त्याच उमरांनी दुष्काळाच्या वर्षी चोराचे हात कापायचं थांबवलं होतं, तिथं मात्र कोणी म्हणत नाही की आता कायमचंच थांबलं.

वाचक, मिरज: फतवा निघाला तर तो पाळायलाच लागतो का?

नाही. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला जाणकारानं दिलेलं मत, तुम्ही माझ्याकडून लीगल ओपिनियन घेता तसं. काझीचा निवाडा वेगळा, तो त्याच्या राज्यात बंधनकारक असायचा. आपल्या सुप्रीम कोर्टानंही ७ जुलै २०१४ ला स्पष्ट सांगितलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही. दोन मुफ्तींकडून दोन उत्तरं आली तर घाबरू नका, डॉक्टरांचंही तसंच होतं.

वाचक, औरंगाबाद: इज्तिहादचा दरवाजा हजार वर्षांपूर्वी बंद झाला असं शाळेपासून ऐकतोय. मग नवीन काही होणारच कसं?

इज्तिहाद म्हणजे मूळ पुराव्यांवरून स्वतः नवा हुकूम काढणं. तो दरवाजा कोणी, कुठल्या बैठकीत बंद केला हे मी पण कित्येक वर्षं शोधत होतो. तशी बैठक झालीच नाही. झालं एवढंच की चार मजहब घट्ट झाले, नवा माणूस स्वतःला इमाम म्हणवायला कचरायला लागला आणि जे काम चालायचं ते मजहबच्या आत, खालच्या आवाजात. स्पेनमधल्या ग्रनाडाचे आलिम शातिबी, १३८८ ला वारले, त्यांनी हुकमांमागचे हेतू काय यावर चार भागांचा ग्रंथच लिहिला, इमाम गझाली या आलिमांनी त्याआधी पाच गोष्टी मोजल्या होत्या ज्या शरियत सांभाळते, दीन, जीव, अक्कल, वंश, माल. तुर्की सल्तनतीनं १८६९ ते १८७६ मध्ये व्यवहाराचा हनफी कायदा कलमवार छापला, मजल्ला, त्याचं ३९ वं कलम सांगतं की काळ बदलला की हुकूम बदलतात हे नाकारता येत नाही. अर्थात त्यांचा रोख रूढीवर बेतलेल्या हुकमांकडे होता, नमाज-रोजाकडे नाही, हे सुधारकांनी ते वाक्य फलकावर लिहिताना विसरू नये.

वाचक, श्रीवर्धन: माणसाला मजहब बदलता येतो का? म्हणजे शाफईचा हनफी?

येतो, आणि आपल्या मुंबईच्याच हायकोर्टानं १८६४ ला ते मान्य केलंय. शाफईंत मुलीच्या निकाहाला वली, म्हणजे बहुतेक वेळा बाप लागतोच, हनफींत सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते. त्या खटल्यातली मुलगी शाफई घरातली, तिनं हनफी मत धरून बापाच्या संमतीशिवाय निकाह केला आणि कोर्टानं तो धरला. तुमच्या पत्रावरून प्रश्न मुलगी विचारतेय की बाप ते मला कळलं नाही, पण उत्तर दोघांना तेच.

सोयीपुरतं एखाद्या बाबतीत दुसरं मत घेणं तर रोजचं आहे. शाफईंत परक्या बाईचा हात लागला तरी वुजू जातो, आता हजला काबाभोवतीच्या त्या गर्दीत काय करणार, म्हणून आमचे कोकणी हाजी तवाफपुरतं, म्हणजे काबाच्या फेऱ्यांपुरतं, दुसरं मत धरतात आणि जाण्याआधी जमातीत मौलाना स्वतःच तसं सांगतात.

जाता जाता, तिघांनी विचारलंय की घरात दोन मजहब असतील तर असरची वेळ कुठली. सावली वस्तूएवढी झाली की शाफई असर, दुप्पट झाली की हनफी. आमच्याकडे मी आधी पढतो आणि चहा ठेवतो, बायको नंतर पढते आणि तोवर चहा गार झालेला असतो, मग परत ठेवतो.